होआन किएमला कासव बघायला जाताय? आधी हे वाचा

हनोईच्या होआन किएम तळ्यात आता महाकाय कासव नाही. शेवटचं कासव १९ जानेवारी २०१६ ला मेलं. हे पहिल्याच ओळीत सांगतेय, कारण आमच्या सहलीच्या माहितीपत्रकात 'नशीब असेल तर पवित्र कासवाचं दर्शन' असं छापलं होतं आणि मुलगा गळ्यात दुर्बीण अडकवून अर्धी सकाळ पाण्याकडे डोळे लावून बसला. पाण्यातून डोकी वर काढणारी कासवं दिसतात खरी, पण ती छोटी असतात, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. मूळची अमेरिकेतली ही जात लोकांनी पाळली आणि तळ्यात सोडून दिली. त्यांच्याकडे बोट दाखवून कोणी 'तेच ते' म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

दंतकथा मात्र माहीत करून घेऊनच जा, नाहीतर तिथे बघण्यासारखं काही उरत नाही. पंधराव्या शतकात व्हिएतनामवर चीनच्या मिंग घराण्याचा अंमल होता. एका कोळ्याच्या जाळ्यात तलवारीचं पातं आलं, ले लोय नावाच्या सरदाराला झाडावर मूठ सापडली आणि दोन्ही एकमेकांत चपखल बसली. १४१८ ते १४२७ असा लढा देऊन त्याने मिंग फौजा घालवल्या आणि १४२८ मध्ये तो राजा झाला. पुढे तो या तळ्यात नौकेतून फिरत असताना सोनेरी कासव वर आलं आणि ती तलवार नागराजाची आहे म्हणून परत मागितली. राजाने ती देऊन टाकली. लढाई संपल्यावर शस्त्र परत करणारा राजा मला फार आवडला. पाण्यातला कासव-मनोरा तुम्ही फोटोत पाहिला असेल. तो काठावरूनच बघायचा, तिथे जाऊ देत नाहीत.

खरं कासव बघायचं तर लाल लाकडी थे हुक पुलावरून न्गोक सोन मंदिरात जा. तिकीट किरकोळ आहे. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. आत काचेच्या पेट्यांत दोन कासवं जतन करून ठेवली आहेत, एक १९६७ मध्ये मेलेलं आणि दुसरं २०१६ चं. दुसरं १६९ किलोचं होतं. त्याच्या अंगावर जखमा दिसल्या म्हणून २०११ मध्ये त्याला जाळ्यात पकडून उपचार केले आणि परत तळ्यात सोडलं, तेव्हा काठावर माणसांची झुंबड उडाली होती. पेटीसमोर उभं राहिल्यावर मी सकाळपासूनचा सगळा राग विसरले. एवढा मोठा जीव, ऐन शहराच्या मध्यात, सगळीकडून वाहनं आणि हॉटेलं, आणि तो बारा हेक्टरांच्या हिरव्या पाण्यात एकटा जगत होता! जगात या जातीची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरलेली नाहीत. चीनमधल्या सूचोच्या प्राणिसंग्रहालयातली मादी एप्रिल २०१९ मध्ये गेली. हनोईच्या पश्चिमेला डोंग मो तलावात २०२० मध्ये एक मादी सापडली होती, तीही २०२३ मध्ये मेली. म्हणून डोंग मोला नेऊन कासव दाखवतो असं कोणी म्हणालं तर एक डोंगही (तिथलं चलन) देऊ नका. बाकी हनोईत वेळ कमी असेल तर दुसरं काहीही वगळा, मंदिरातली ही पेट्यांची खोली वगळू नका.

आता लुबाडणुकीबद्दल. तळ्याच्या उत्तर टोकापासून जुन्या बाजाराकडे जाणारा तुकडा सर्वांत वाईट. खांद्यावर फळांची कावड घेतलेली बाई हसत येते, कावड तुमच्या खांद्यावर ठेवते, शंकूसारखी टोपी डोक्यावर चढवते आणि फोटो काढा म्हणते. मग पैसे मागते आणि पिशवीभर अननस गळ्यात मारते. हात पाठीमागे बांधून 'नको' म्हणा आणि चालत राहा, थांबलात की संपलं. त्याहून वाईट ते चपला दुरुस्त करणारे. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. एकाने वाकून न विचारताच त्यांच्या चपलेला डिंक लावला, चप्पल काढून घेतली, दोन टाके मारले आणि चार लाख डोंग मागितले. लाखाचे साधारण साडेतीनशे रुपये धरा, म्हणजे हिशेब लागेल. आम्ही आवाज चढवल्यावर पन्नास हजारांवर मिटलं. आमच्या सोबतच्या मार्गदर्शकाने त्या वेळी रस्त्यापलीकडे बघायचं पसंत केलं.

आणखी एक सापळा नोटांचा. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा आणि पाकीट दुसऱ्याच्या हातात देऊ नका, 'मी मोजून घेतो' म्हणाला तरी. सायकलरिक्षात बसण्याआधी भाडं मोबाईलवर आकड्यात लिहून दाखवा आणि ते माणशी की रिक्षेचं, डोंगमध्ये की डॉलरमध्ये, हेही ठरवा. खरं तर रिक्षा घेऊच नका. तळ्याची फेरी दोन किलोमीटरही भरत नाही.

रस्ता ओलांडताना स्कूटर थांबत नाहीत. एकाच संथ गतीने चाला, त्या तुम्हाला वळसा घालतात. मध्येच पळालात किंवा मागे फिरलात तर धडक बसते. वयस्कर माणसांना मधोमध घ्या.

तळ्याकाठच्या पाण्यातल्या बाहुल्यांच्या खेळात ले लोय आणि कासवाचा प्रसंग असतो. तिकीट थेट खिडकीवर काढा. काठावर समुद्रफळाची जुनी झाडं पाण्यावर वाकलेली आहेत, आपल्याकडे कोकणात असतात तीच. लाल तुऱ्यांचा हंगाम असेल तर भल्या सकाळी जा, कारण फुलं रात्री उमलतात आणि उजाडलं की गळतात.

शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवती वाहनांना बंदी असते. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर तोच मुहूर्त धरा, गर्दी असली तरी. इतर दिवशी साडेपाचलाच पोहोचा. हनोईकर काठावर व्यायाम करत असतात, रस्ते मोकळे असतात आणि कावडवाल्या आलेल्या नसतात. आधी फेरी मारून घ्या, मंदिर उशिरा उघडतं.