आमची वाटचाल : पंक्चरच्या टपरीपासून सस्पेन्शनपर्यंत

सुरवात पप्पांच्या टपरीपासून. साताऱ्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला एक कॉम्प्रेसर, दोन जॅक आणि ट्यूब बुडवायला पाण्याचं घमेलं, बस. मी कॉलेज सोडून तिथं बसलो तेव्हा प्रत्येक गाडीवाल्याचा एकच डायलॉग, "पस्तीस मार चारीला," म्हणजे चारी टायरात 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. आम्हीपण मारायचो, विचारतंय कोण.

मग कर्ज काढून अलाइनमेंटचं, म्हणजे चाकं सरळ आहेत का ते बघून जुळवायचं, मशीन आणलं, शेड टाकली आणि पहिल्याच महिन्यात फजिती झाली. एका काकांची गाडी डावीकडं ओढायची, तीनदा अलाइनमेंट केली, स्क्रीनवर सगळं हिरवं, तरी ओढतीयच. शेवटी पप्पा उठले, खिशातला पेनासारखा गेज लावला, तर पुढच्या डाव्या टायरात 6 पीएसआय कमी! व्हॉल्व्हची पिन हळूहळू हवा सोडत होती आणि मी एवढं महागाचं मशीन लावून हवाच बघितली नव्हती. काकांचे पैसे परत केले. तेव्हापासून गाडी रॅम्पवर घ्यायच्या आधी हवा.

हँडलिंगचं, म्हणजे गाडी वळणात रोड कशी धरते ते बघायचं काम आमच्याकडं यवतेश्वर घाटामुळं आलं. कासला जाणाऱ्या एका पोराची गाडी पावसात वळणावर मागून निसटायची, म्हणाला शॉकप (धक्के खाणारे शॉक अॅब्सॉर्बर) बदला. वाकून बघितलं तर शॉकप कोरडे, लीक नाही, पण मागच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगमधे रबराचे बफर ठोकलेले, स्पीडब्रेकरला घासते म्हणून कुणीतरी बसवून दिलेले, आणि वर मागं 38 हवा. मागची बाजू पार दगड झालेली, मग मागचे टायर रोड धरतील कसे? बफर काढले, ड्रायव्हरचं दार उघडलं की पट्टीवर कंपनीचा हवेचा स्टिकर असतो, त्याप्रमाणं हवा केली, निसटणं बंद. शॉकपचा खर्च वाचला त्याचा (आणि आमचा धंदा बुडाला, असो).

उलटी केसपण येते, स्टीअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते. तिथं आम्ही शाळेचा खडू वापरतो, हसू नका. पुढच्या टायरच्या कडेवर, नक्षी संपते तिथून खाली साइडवॉलपर्यंत रेघ मारायची, कोरड्या रोडवर वळणं घेऊन यायचं. खडू साइडवॉलवरचापण पुसला गेला तर टायर वळणात आडवा पडतोय, हवा कमी आहे. नक्षीच्या कडेचासुद्धा तसाच राहिला तर जास्त आहे. मग एका वेळी 2 पीएसआय, जास्त नाही, आणि परत चक्कर. त्यानं नाही भागलं तरच लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, शॉकप वगैरे खोलायचं.

फक्त घाट उतरून थेट येऊ नका. तापलेल्या टायरात रीडिंग 3-4 नं जास्त येतं, तेव्हा हवा सोडली की सकाळी गाडी मऊ. गाडी ठेवून जा, गार झाल्यावर बघतो. हवेचं खातं अजून पप्पांकडंच आहे, आणि पस्तीस म्हणालात तर ते आधी तुमचं दार उघडायला लावतील.