लिव्हर-ॲक्शनचा ग्रुप कसा आवळला: माझा अनुभव

लिव्हर-ॲक्शनकडून, म्हणजे चापाजवळचा दांडा (लिव्हर) खालीवर करून काडतूस भरायच्या रायफलीकडून, फार अचूकपणाची अपेक्षा ठेवू नये, असं बरेच शिकारी सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. माझी मार्लिन ३३६, .३०-३० कॅलिबरची, तयार काडतुसांवर १०० यार्डांवर चार-साडेचार इंचांचा ग्रुप (कागदावर लागलेल्या गोळ्यांचा पसारा) द्यायची. आता हाताने भरलेल्या काडतुसांवर तीच रायफल दोन इंचांच्या आसपास मारते. काडतुसातल्या दारूचं वजन बदलून थोडा फरक पडला, पण खरा फरक पडला तो पुंगळ्यांची (काडतुसाच्या पितळी नळ्यांची) लांबी एकसारखी केल्यावर.

या रायफलीत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) टेकतं, म्हणून टोकदार कडक गोळी इथे चालतच नाही. धक्क्याने ट्यूबमध्येच स्फोट व्हायचा धोका असतो. मी १७० ग्रेन वजनाची चपट्या टोकाची गोळी घेतली. दारू प्रसिद्ध रीलोडिंग मॅन्युअलमधल्या किमान मापापासून सुरू केली आणि थोडी थोडी वाढवत नेली. कमाल मापाच्या बरंच आधीच ग्रुप आवळला, तिथेच थांबले. वेगाच्या मागे लागण्यात इथे काहीच हशील नाही.

क्रिंपवर, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळण्यावर, मात्र मी मनापासून वेळ घातला. ट्यूबमधली स्प्रिंग आणि प्रत्येक बाराचा धक्का गोळीला पुंगळीत आत ढकलत असतात. गोळी आत सरकली की दाब वाढतो. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत घट्ट वळवावं लागतं. आता एक पुंगळी जराशी लांब आणि दुसरी आखूड असेल, तर एकाच डायमधून (पुंगळी दाबायच्या साच्यातून) एकीला जास्त क्रिंप बसतो, दुसरीला कमी. .३०-३० ची मान पातळ असते. क्रिंप जास्त झाला की खांद्याशी (मान जिथे रुंद होते तिथे) बारीकसा फुगवटा येतो. डोळ्याला तो पटकन दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो, आणि असं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसायच्या जागेत) अडतं. मी सगळ्या पुंगळ्या २.०२९ इंचांवर कापून घेतल्या, तोंडाच्या कडा साफ केल्या आणि गोळी बसवणं व क्रिंप करणं ही कामं वेगवेगळी केली. मग ट्यूब भरून काही बार काढले, शेवटचं काडतूस न उडवता बाहेर घेतलं आणि कॅलिपर लावला. लांबी होती तेवढीच होती. तो आकडा पाहून फार बरं वाटलं.

पुंगळीची मान तेवढी साइझ करणं (डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणणं) इथे उपयोगाचं नाही. बोल्ट-ॲक्शनसारखा काडतूस दाबून बसवायचा जोर लिव्हरमध्ये नसतो, त्यामुळे पुंगळी पूर्ण लांबीची साइझ करावी लागते. पण डाय मी इतपतच खाली घेते, की खांदा किंचित मागे जावा आणि लिव्हर सहज मिटावा. या रायफलचा बोल्ट (काडतुसामागे चेंबर बंद करणारा भाग) मागच्या बाजूला लॉक होतो, म्हणून पुंगळ्या बुडाशी ताणल्या जातात. त्यात खांदाही भरपूर मागे ढकलला, तर त्या लवकर तुटतात. टोक वाकवलेली तार आतून फिरवते. बुडाजवळ खाच लागली की ती पुंगळी भंगारात.

बेंचवर आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहिले दोन बार शेजारी शेजारी लागायचे, तिसरा-चौथा वर सरकायचा. नळी तापून पसरते आणि ट्यूब, बँड (नळी व ट्यूब एकत्र धरणारी पट्टी), पुढचं लाकूड यांच्याशी तिची ओढाताण होते. वाळूची पिशवी नळीखाली न ठेवता पुढच्या लाकडाखाली, रिसीव्हरच्या (रायफलीच्या मधल्या धातूच्या भागाच्या) जवळ ठेवली, बँडचा ताण कमी केला आणि दोन-तीन बारांनंतर नळी गार होऊ दिली. वर सरकणं बरंचसं थांबलं.

शिकारीत थंड नळीतला पहिलाच बार कामाचा असतो. म्हणून आता रेंजवर गेल्यावर सगळ्यात आधी थंड नळीतून एकच बार काढते, त्याची जागा वेगळ्या कागदावर टिपते, आणि साइट जुळवते ती त्या कागदावरून.