खेळ कोणासमोर करायचा? म्युनिकहून झाडीपट्टीच्या मंडळींसाठी

दिवाळी झाली की गावच्या ग्रुपवर वडशाच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीतल्या, नाटक कंपन्यांची पोस्टर पडायला लागतात, आणि मला इथल्या गार्टनरप्लाट्झ थिएटरमधला एक नट आठवतो. योहानेस हेस्टर्स. हा जर्मन नव्हता बरं का, हॉलंडचा, 1903 चा जन्म, तीसच्या दशकात आधी व्हिएन्नाला आला न मग बर्लिनला. 'द मेरी विडो' ह्या संगीत नाटकातला काउंट डॅनिलो म्हणजे त्याचा हुकमी पार्ट, हजारावर खेळ केले त्यानं, आणि हे नाटक हिटलरच्या खास आवडीचं.

मे 1940 मधे जर्मनीनं हॉलंड घेतलं, म्हणजे ह्याचंच घर, तरी हा गडी इथंच गात राहिला. पुढच्या वर्षी ह्या थिएटरची मंडळी डाखाऊच्या छळछावणीत एसएसवाल्यांची, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाची, पाहुणी म्हणून गेली, त्यात हाही होता, फोटो आहेत त्याचे. तिथं तो गायला का नाही ह्यावर भांडण शेवटपर्यंत चाललं. तिथलाच एक जुना कैदी म्हणायचा, पडदा मीच ओढला होता. हेस्टर्सचं म्हणणं, गेलो पण गायलो नाही. गायला असं म्हणणाऱ्या अभ्यासकावर त्यानं केस टाकली, ती 2008 मधे बर्लिनच्या कोर्टानं फेटाळली.

मी डाखाऊला जाऊन आलोय. म्युनिकहून लोकलनं अर्धा तास पण लागत नाही. कैद्यांची हजेरी घ्यायचे ते मैदान एवढं मोठं आहे की आत शिरलेल्या माणसाला ते दिसलं नाही असं होऊच शकत नाही, म्हणून गाणं झालं का नाही हा प्रश्न मला तरी दुय्यम वाटतो, तो पाहुणा म्हणून गेला, पाहून आला, आणि परत येऊन पुन्हा डॅनिलो करायला लागला.

गावाकडं नाटकात काम करणाऱ्या काकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणे, "कलावंताले का करतं बापू, पैसे घेतले का खेळ कराचा. समोर कोन बसला हे पाहत बसलो तं पोट कसं भरन?" काकांचं मला कळतं. धान निघालं की शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्रीचा खेळ हीच त्यांची कमाई, मग मंडळ सांगेल त्या पुढाऱ्याला स्टेजवर शाल-नारळ द्यावाच लागतो. पण हेस्टर्स उपाशी मरत नव्हता ना! सिनेमातली नटी मार्लेन डीट्रिश तर जन्मानं जर्मन, नाझींनी परत बोलावलं तरी गेली नाही, 1939 मधे अमेरिकेची नागरिक झाली. 1960 मधे ती गायला जर्मनीत आली तेव्हा लोकांनी तिलाच गद्दार म्हटलं. आणि हेस्टर्स? त्याला इथं शेवटपर्यंत टाळ्या मिळाल्या. त्याच्या स्वतःच्या देशानं मात्र माफ केलं नाही, 2008 मधे 104 वर्षांचा असताना तो आमर्सफोर्टला, म्हणजे जन्मगावी गायला गेला तर बाहेर निदर्शनं चालू होती. 2011 मधे 108 व्या वर्षी वारला.

काका तरी म्हणे, "तो नाही म्हनला असता तं दुसऱ्यानं केला असता पार्ट."

मग मी त्यांना लुई ट्रॉयमानचं सांगितलं. 1905 मधे व्हिएन्नाला हे नाटक पहिल्यांदा लागलं तेव्हाचा डॅनिलो हाच. ज्यू होता. 1933 पासून जर्मनीत ज्यू नटांना स्टेजवरून काढायला सुरुवात झाली, मग ऑस्ट्रिया घेतल्यावर तिथंही तेच, आणि ह्या म्हाताऱ्याला टेरेझीनश्टाटच्या छावणीत नेलं. 1943 मधे तो तिथंच मेला, त्याच काळात हेस्टर्स त्याच भूमिकेवर टाळ्या घेत होता. ज्या पार्टचा पहिला मालक छावणीत आहे तो पार्ट करताना ह्याला एकदाही थांबावंसं वाटलं नाही का, हे मला खरंच विचारायचं होतं त्याला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "त्या ट्रॉयमानचा फोटो हाये का? आमच्या पोरायले दाखवतो, तालमीत."