एक किलोमीटरचं भांडण: आमच्या वाडीच्या शाळेचा अनुभव

सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, तसे प्रस्ताव पाठवा, असं पत्र व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं. राज्यात अशा शाळा १४ हजारांच्या वर, त्यातली एक आमची. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, पट १७. माझी पोरगी तिसरीत. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, म्हणजे खरं सांगायचं तर दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून झालेला.

मग सगळे करतात तेच केलं, निवेदन. गोरगरिबांच्या लेकरांच्या भवितव्याशी खेळ वगैरे दणदणीत भाषा, खाली सह्या आणि चार अंगठे, साहेबांच्या हातात देतानाचा फोटो, तो पेपरात पण आला. पुढे काहीच नाही. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलो तर आवक-जावकच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "ह्याला ठराव कुठाय? ठराव नसला की हा नुसता कागद." राग आला, पण पुढच्या दोन वर्षांत मला इतकं कामाचं दुसरं कोणी बोललं नाही.

ठरावासाठी समितीची मीटिंग. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका, कागदावर आमच्या होत्याच, प्रत्यक्षात कधी कोणी बोलावलं नव्हतं (मी पण नाही, कबूल करतो). ह्यावेळी संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावर शाळेतच बसलो आणि पहिला मुद्दा शेजारच्या आक्कांनीच काढला, की मोठ्या गावच्या शाळेत जायला ओढा ओलांडावा लागतो, पावसाळ्यात गुडघ्याच्या वर पाणी, सहा वर्षांचं पोर कोण पोचवणार, मी का भाताची लावणी सोडून? मी ते जसंच्या तसं उतरवलं. आमचे एक तात्या रिटायर तलाठी, त्यांना कच्चा ठराव दाखवला तर त्यांनी अर्धा खोडला. म्हणाले, "भवितव्य-बिवितव्य काढ. अंतर लिही. ओढा लिही. पाणी किती दिवस असतं ते लिही."

अंतर का, तर शिक्षण हक्क कायदा केंद्राचा २००९ चा, पण त्याचे राज्याचे नियम आहेत २०११ चे, आणि त्यात पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत पाहिजे असं आहे, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर. म्हणजे सगळं भांडण ह्या एका किलोमीटरचं. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, की आमच्या वाडीपासून मोठ्या गावच्या शाळेचं अंतर तुमच्याकडे किती नोंदलंय. ३० दिवसांची मुदत, उत्तर आलं अठ्ठाविसाव्या दिवशी. ०.९ किलोमीटर! नकाशावर सरळ रेघ ओढलेली. कावळ्यांची शाळा असती तर चाललं असतं.

मग आम्हीच मोजलं. गवंड्याची ३० मीटरची टेप आणली, रविवारी सकाळी वाडीच्या पारापासून सुरुवात, चौथीची दोन पोरं टेपची टोकं धरून, बाकीची दर टेपला रस्त्यावर खडूची रेघ मारणार आणि मोठ्याने आकडा म्हणणार, गुरुजी सुट्टी असून आलेले, ते म्हणाले आज हाच गणिताचा तास. ८१ टेपा झाल्या. म्हणजे २ किलोमीटर ४३० मीटर. परतताना माझी पोरगी विचारते, "पप्पा, ०.९ वाल्यांनी टेप कुठून लावली होती?"

ग्रामसभेचा ठराव मात्र जड गेला. आमची गट ग्रामपंचायत, म्हणजे मोठं गाव आणि आमची वाडी मिळून एकच, आणि मोठ्या गावाला आमची १७ पोरं हवीच होती, कारण पट वाढला की त्यांच्या शाळेचं एक शिक्षकाचं पद वाचत होतं. त्यात चूक काय म्हणा, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पहिल्या दिवशी कोरम नाही (१५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी ते), सभा तहकूब. तात्या गालात हसले. तहकूब सभेला कोरम लागत नाही. पुढच्या तारखेला आमची वाडी झाडून आली, बायका सगळ्यात जास्त, आणि ठराव झाला.

पैशाचं पण तेव्हाच कळलं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून वर्षाला १० हजार संयुक्त अनुदान. खडू, झाडू, दुरुस्ती, लाईट बिल, सगळं त्यातच, आणि ते पण हप्त्याने. आमची लाईट तोडली तेव्हा वर्गणी काढून भरली होती. आणि वर परत शाळा परवडत नाही म्हणायचं!

डिसेंबरमध्ये महाराष्ट्र एक्स्प्रेसने तिघं नागपूरला, अधिवेशनाला. आमदारांच्या पीएने फाईल चाळली, म्हणाले प्रश्नाची मुदत गेली, एका पानात द्या, साहेब बोलतील. मी म्हटलं शिक्षक आमदारांना, म्हणजे शिक्षकांनी विधान परिषदेवर निवडून दिलेल्यांना, पण भेटावं, तर गुरुजींनी फोनवर सांगितलं की त्या मतदारसंघात प्राथमिक शिक्षकाला मतच नाही, माध्यमिक आणि त्यावरच्यांना आहे. मला हे चाळिशीत कळलं.

विस्तार अधिकारी पाहणीला आले ते थेट जुलै २०२४ मध्ये, ऐन पावसात. ओढ्यापाशी बूट काढले, दोन पावलं गेले आणि मागे फिरले. पंचनाम्यात "पावसाळ्यात रस्ता बंद" असं लिहिलं आणि शाळेचा विषय थांबला, म्हणजे लेखी काही आलं नाही, पण शाळा चालू आहे. गंमत म्हणजे त्याच महिन्यात हायकोर्टाने दुसरा एक नियम रद्द केला, सरकारी शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट देणारा. म्हणजे सूट द्यायला पण तोच किलोमीटर.

जरा श्वास घेतो तोवर ५ सप्टेंबर २०२४, बरोबर शिक्षक दिनाला, शासन निर्णय, २० पर्यंत पट असेल तर दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, १५ हजार मानधनावर. परत मीटिंग, परत ठराव, ह्यावेळी मात्र निवेदनाच्या आधी. तो निर्णय २०२५ च्या फेब्रुवारीत रद्द झाला, आमच्या ठरावाने झाला असं मी म्हणत नाही, राज्यभर शिक्षक रस्त्यावर होते.

जूनमध्ये पोरगी पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली, त्यामुळे मी समितीतून बाद. फाईल आक्कांना दिली, त्यांचा नातू पहिलीत आहे आणि सून आता अध्यक्ष. फाईलमध्ये वरतीच आवक क्रमांकांची यादी लावलीय, आणि टेप पण त्यांच्याकडेच ठेवलीय.