मडक्यातून उतरलेलं मेस्काल

भट्टीवरची मडकी मी आधी पाहिली, मेस्काल नंतर चाखलं. चोवीस वर्षं चाकावर बसतेय, त्यामुळे कुठेही गेले तरी नजर आधी मातीकडेच जाते. मेक्सिकोतल्या वाहाका शहरातून दक्षिणेला निघालं की तासाभरात सांता कातारीना मिनास हे गाव लागतं. तिथे आजही मातीच्या मडक्यांतून दारू गाळतात, एवढं कानावर आलं आणि मी निघाले.

मेस्काल ही अगावेची दारू. अगावे म्हणजे आपल्या घायपाताचे भाऊबंद. टकीलाही याच घराण्यातली, पण तिला निळी अगावे ही एकच जात चालते, मेस्कालला मात्र अनेक. मेस्काल हा शब्द मूळ तिथल्या आदिवासींच्या नाहुआत्ल भाषेतला, अर्थ ‘भाजलेलं अगावे’. पानं छाटली की खाली जो गड्डा उरतो त्याला अननसासारखा दिसतो म्हणून ‘पीन्या’ म्हणतात. जमिनीत खड्डा खणून, त्यात लाकडं पेटवून दगड लालबुंद करायचे, त्यावर गड्डे रचायचे, वरून चोथा आणि माती लोटायची आणि चारेक दिवस तिकडे फिरकायचं नाही. कच्च्या गड्ड्यातली साखर लांब साखळ्यांत अडकलेली असते, ती या सावकाश आचेने सुटी होते. भाजलेल्या गड्ड्याची एक ढलपी मला चोखायला दिली. आधी काकवी, मग रताळं, आणि शेवटी जिभेवर धुराचा हलका कडवटपणा. मी ती उसासारखी चोथा होईपर्यंत चोखली.

पालेंकेत, म्हणजे तिथल्या भट्टीच्या आवारात, दोन मुलं लाकडी डोणीत हे तुकडे जड मोगऱ्यांनी कुटत होती. बाकी बऱ्याच गावांत घोडा जुंपलेलं दगडी चाक असतं, इथे हातानेच. मग हे सगळं चोथ्यासकट लाकडी पिंपात. वरून यीस्ट घालत नाहीत. हवेत, लाकडात, गड्ड्यावर जे असेल तेच कामाला लागतं, आणि थंडी असली की जास्त दिवस घेतं. मेस्काल करणारे आजोबा (त्यांना सगळे ‘माएस्त्रो’ म्हणतात) पिंपाला कान लावून उभे राहिले. मलाही बोलावलं. आतून पावसाची भुरभुर पत्र्यावर पडावी तसा आवाज. “अजून बोलतंय,” ते म्हणाले, “गप्प झालं की गाळायचं.”

आता मडकी. खालचं मडकं मातीच्या चुलीत गळ्यापर्यंत बसवलेलं. त्यावर दुसरं, बुडाशिवायचं, नुसत्या गळपट्टीसारखं. सगळ्यात वर धातूचं पसरट पातेलं, त्यात गार पाणी. वाफ वर जाते, पातेल्याच्या बुडाला लागून थेंब होतात, थेंब आतल्या लाकडी पळीत पडतात आणि तिथून बोरूच्या नळीने बाहेर. सांधे चोथ्याच्या लगद्याने लिंपलेले. एक कडा जरा सुटलेली दिसली तर माझा हात आपोआप लगदा चेपायला गेला. आजोबांनी माझी बोटं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि लगद्याची पाटीच माझ्यापुढे सरकवली. तो संपूर्ण फेरा मी चुलीशी बसून काढला.

हे मडकं बिनरोगणाचं असतं. म्हणजे ते पितं, पाझरतं, प्रत्येक फेऱ्यात थोडं आपल्यात ठेवतं आणि थोडं परत देतं. तांब्याचं भांडं वाफेतला गंधकाचा वास काढून टाकतं, चव स्वच्छ करतं. माती तसं काही करत नाही, ती स्वतःच चवीत उतरते.

पहिल्या धारेची दारू जाळ असते, ती वेगळी काढतात. तिला ‘पुंतास’ म्हणतात. मधली धार हृदय, शेवटची शेपूट. कुठे काय मिसळायचं हे ठरवायला आजोबांकडे काटा नव्हता, एक पोकळ बोरू होता. तो तोंडाने ओढून भरायचा आणि धार उंचावरून वाटीत सोडायची. वाटीभर मोती उठतात. मोती भराभर फुटले तर दारू फार कडक किंवा फार फिकी. काठाला माळेसारखे टिकून राहिले की जमलं. त्या दिवशी दुसऱ्या खेपेला ते टिकले, आणि ते विरेपर्यंत कोणी बोललं नाही.

मी आदल्या दिवशी सांतियागो मातात्लान या मेस्कालच्याच दुसऱ्या गावातून तांब्याच्या भांड्यात गाळलेल्या एस्पादीनची छोटी बाटली घेतली होती. एस्पादीन ही शेतात लावतात ती जात, सहा ते आठ वर्षांत तयार होणारी. समोर मिनासचंही एस्पादीनच होतं. मेस्काल घोटाने पीत नाहीत, ‘बेसोस’ने पितात, म्हणजे मुके घ्यावेत तसे ओठांना लावून. पहिला स्पर्श तोंडाला सवय लावण्यापुरता, तो मोजायचा नाही. मातात्लानचं पुढून आलं: धूर, संत्र्याची साल, मिरीची चरचर. मिनासचं खालून आलं. धूर मागे, आणि पुढे तो वास जो मी रोज सकाळी कोरड्या मडक्यावर ओला फडका फिरवते तेव्हा येतो. मग भाजलेल्या गड्ड्याचा गोडवा, आणि गिळून झाल्यावर टाळूवर खडूसारखं काहीतरी बराच वेळ.

हा फरक रानाचा की भांड्याचा, मी विचारलं. आजोबा म्हणाले, “बाई, रान वेगळं, विहीर वेगळी, पिंप वेगळं, मडकं वेगळं, आणि मी वेगळा. तुम्ही यातलं काय काढून दाखवाल?” मला हे पटलं. जमिनीचा गुण म्हणताना लोक मुळांपाशीच थांबतात. पण ज्या मातीत झाड वाढतं आणि ज्या मातीतून त्याची वाफ जाते, दोन्ही त्याच डोंगरदऱ्यांमधल्या. कायद्यानेही हे ओळखलंय. 2016 च्या नियमावलीत जुन्या पद्धतीने कुटून, मडक्यात गाळलेल्या मेस्कालला ‘आन्सेस्त्राल’, म्हणजे पूर्वापार, असा वेगळा वर्ग आहे. प्रमाणपत्र नसेल तर मात्र बाटलीवर मेस्काल हा शब्दच लिहिता येत नाही, ‘अगावेचा अर्क’ लिहावं लागतं. पिढ्यान् पिढ्या हेच करणाऱ्या माणसाला हा शब्द वापरता येऊ नये, याचा मला राग येतो.

मग तेपेस्ताते, अगावेची रानटी जात. हे कड्याकपारींत उगवतं आणि पक्व व्हायला वीस-पंचवीस वर्षं घेतं. ओल्या हिरव्या मिरचीचा, चुरगळलेल्या पानांचा वास, आणि इतकं तीक्ष्ण की डोळे मिटावेत. मी दोनदाच ओठ लावले आणि वाटी खाली ठेवली. एक झाड एकदाच कापलं जातं, आणि रानातून ते कमी होत चाललंय. बाटली घेतली ती एस्पादीनचीच.

परतताना सान बार्तोलो कोयोतेपेकला उतरले, काळ्या मातीच्या भांड्यांचं गाव. तिथल्या कुंभारीण दोन्या रोसा यांनी 1950 च्या दशकात गारगोटीने घासून काळी चकाकी आणली आणि ती भांडी जगभर गेली. पण ती चकाकणारी भांडी पाणी धरत नाहीत. त्याआधीची राखाडी, न चकाकणारी, जास्त भाजलेली कळशी मेस्काल वाहून न्यायला वापरायचे. दुकानात ओळीने चकाकती भांडी होती. मी मागच्या फळीवरची राखाडी उचलली, टिचकी मारून नाद ऐकला आणि तीच घेतली.

मिनासमधून निघताना आजोबांकडे एक मागितलं होतं. गाळण्याची मडकी सतत आचेवर असतात, तडकतात, आणि आवारात खापरांचा ढीग पडतो. त्यातलं तळहाताएवढं खापर. एका अंगाने काजळी, दुसऱ्या अंगाने मधासारखा पिवळा डाग. ते आता माझ्या चाकाशेजारी असतं. सकाळी माती मळायला घेण्याआधी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकते. खापर ते क्षणात पिऊन टाकतं, आणि खोलीत भाजलेल्या गड्ड्याचा वास येतो.