कधीही येणारं काम आणि दहा मिलिसेकंदांचा हिशोब

शिरोली एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये आम्ही जुन्या हायड्रॉलिक प्रेसला नवीन कंट्रोलर बसवला, आठवडाभर झकास चाललं आणि मग ऑपरेटर मामांचा फोन, "साहेब, स्लाइड खाली आली की मशीन दचकतंय." प्रेशर मधेच उडी मारत होतं, तेपण रोज नाही, कधीतरीच, आणि असलं कधीतरी होणारं दुखणं शोधताना झोप उडते.

प्रेशरचा लूप, म्हणजे प्रेशर मोजून ते जागेवर ठेवणारा कोड, दर १० मिलिसेकंदाला चालतो, चिप छोटी आहे म्हणून त्यालाच ७ लागतात. उरले ३. त्यात बटणं, लिमिट स्विच (स्लाइड टोकाला आली की दाबला जातो तो), सिरियलवरून येणारे मेसेज, म्हणजे कधी येतील याचा नेम नसलेली कामं, आणि ती सगळी मी थेट इंटरप्टमध्येच, म्हणजे सिग्नल आला की चालू काम थांबवून जो कोड आधी चालतो त्यातच, करत होतो. इंटरप्ट लूपच्या डोक्यावर बसतो. लिमिट स्विच एकदा दाबला की त्याचा कॉन्टॅक्ट थरथरतो, एकाच्या जागी ढीगभर पल्स येतात, आणि लूपला उशीर.

गुऱ्हाळावर बघा, काहिलीत पाक येत आला की गुळव्या कुणाकडं वळून बघत नाही, पाहुणा काकवी मागायला आलाय तर थांबेल, पण पाक थांबत नाही. तरी पाहुण्याला दिवसभर ताटकळत ठेवून पण चालत नाही ना! मोकळा वेळ मिळाला की बटणं बघायची असंही मी करून पाहिलं, मग बटण कधी लगेच लागायचं, कधी रेंगाळायचं, आणि ऑपरेटर परत परत दाबायचा.

यावर जुना आणि चांगला उपाय आहे, सर्व्हर. नेटवर्कवाला नव्हे, हा चिपवर लूपच्या आधी चालणारा एक टास्कच, म्हणजे कोडचा वेगळा तुकडा असतो, त्याला वेळेचं ठरावीक बजेट द्यायचं, माझ्याकडं दर १० मिलिसेकंदाला २, आणि अवेळी आलेली सगळी कामं त्यातूनच करायची. ७ आणि २ मिळून ९, बसतंय.

पण बजेट परत कधी भरायचं यातच खरी गोम आहे आणि मी तिथंच चुकलो. मी डिफरेबल सर्व्हर केला होता, म्हणजे न वापरलेलं बजेट पिरियड (इथं ते १० मिलिसेकंद) संपेपर्यंत राखून ठेवायचं आणि पिरियड बदलला की पुन्हा पूर्ण भरायचं. लूपचा टायमर वेगळा, सर्व्हरचा वेगळा. आता समजा सर्व्हरचा पिरियड संपायला २ मिलिसेकंद राहिलेत, त्याच क्षणी लूपची पाळी आली आणि इव्हेंटपण आले, तर सर्व्हर आधी ते २ खातो, लगेच बजेट भरतं, परत २ खातो, मग लूपचे ७. झाले ११, डेडलाइन १०!

१९८९ मध्ये स्प्रंट, शा आणि लेहोत्स्की यांनी मांडलेला स्पोरॅडिक सर्व्हर नेमका हेच अडवतो. वापरलेलं बजेट तो पिरियड बदलला म्हणून भरत नाही, वापर जिथून सुरू झाला तिथून एक पूर्ण पिरियड गेल्यावर तेवढंच परत देतो, त्यामुळं लूपच्या नजरेतून तो एखाद्या साध्या पिरियॉडिक (ठरल्या वेळानं येणाऱ्या) टास्कसारखाच दिसतो. मला ही कल्पना फार म्हणजे फार आवडते.

एवढ्यानं भागत नाही, कारण इंटरप्ट स्वतः बजेटच्या बाहेर असतो. म्हणून आता त्यात फक्त इव्हेंट रांगेत टाकतो आणि ती इंटरप्टची लाइन २० मिलिसेकंद बंद करतो, उघडताना स्विच खरंच कुठं आहे ते एकदा वाचून घेतो. म्हणजे दोन इव्हेंटमध्ये कमीत कमी अंतर मीच ठरवून दिलं. (इमर्जन्सी स्टॉप यात कुठंच नाही, तो वायरिंगनंच पॉवर तोडतो, तो सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवूच नका.)

टेस्ट करताना लूप सुरू होताना एक पिन हाय, संपताना लो, ती स्कोपवर (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) लावली आणि लिमिट स्विचच्या वायरी हातानं एकमेकीवर घासत बसलो, अर्धा तास. पल्सची रुंदी थोडी कमीजास्त होत होती, पण ९ च्या पुढं एकदाही गेली नाही.