नावं घातलेली भांडी

बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर विकून आम्ही दोघं हिंदवाडीतल्या लहानशा फ्लॅटमध्ये जाणार हे ठरलं, आणि सगळ्या गोतावळ्याला एकदम आमच्या माळ्याची आठवण झाली. इतकी वर्षं त्या माळ्यावर काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं. आता हुबळीहून वन्संचा फोन आला, "वहिनी, आईचं घंगाळ मोडीत घालू नका हं."

"घेऊन जा की मग."

"अहो, आमच्याकडे कुठं ठेवू? पण मोडीत घालू नका."

धाकट्या भावजींचा जीव देवघराच्या कोनाड्यातल्या समईत, चुलत जावेचा शिसवी पाटांत. जीव ज्याचा त्याचा आणि वस्तू मात्र आमच्या घरात, असा हा कारभार. मोठ्या घरात राहणारा माणूस म्हणजे सगळ्या घराण्याचा बिनपगारी गोदामवाला असतो, हे मला घर आवरायला काढल्यावर कळलं.

घर का सोडलं, तर गुडघे आणि कौलं. माडीचा जिना खडा, दोरीला धरून चढायचा. मंगळुरी कौलं दर वर्षी पावसाच्या आधी चाळून घ्यावी लागतात. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, पन्हळ साफ करायची. पूर्वी ही कामं करणारी माणसं मे महिन्यात आपणहून दाराशी यायची. आता फोन केला तर सांगतात, "पत्रे घाला की ओ काकू, आता कोण चाळतंय कौलं." बेळगावचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य दाखवत नाही, आणि त्यात माकडांनी एक कौल सरकवलं तरी रात्री माजघरात पातेली मांडून बसावं लागतं. सत्तरी जवळ आल्यावर माणसानं पातेली मांडत बसू नये, असं माझं मत आहे.

पुस्तकांचा प्रश्न चटकन सुटला. हे तरुणपणापासून सार्वजनिक वाचनालयाचे सभासद. "१८४८ सालचं वाचनालय आहे, आपली पुस्तकं तिथंच आहेत," असं म्हणून यांनी जन्मभर पुस्तक विकत घेणं टाळलं. यांची काटकसर पहिल्यांदाच माझ्या कामी आली.

कागदांच्या ट्रंकेला मात्र मला हात लावू दिला नाही. तळाशी सांगली संस्थानचा शिक्का असलेला मोडी लिपीतला एक कागद निघाला. शहापूर तेव्हा बेळगावकडे नव्हतं, सांगलीकरांचं होतं. त्याच्यावर मुंबई राज्याच्या वेळच्या पावत्या. मग १९५६ आलं, वर म्हैसूर राज्य. १९७३ मध्ये त्याचं कर्नाटक झालं. घर जागचं तसूभर हललं नाही, पण चार नावांच्या सरकारांकडे घरपट्टी भरून बसलं. मोडी वाचणारं आमच्यात आता कुणी नाही. घराच्या विक्रीच्या वेळी वकिलांनीही त्या कागदाकडे ढुंकून बघितलं नाही, त्यांना कानडीतला उतारा पुरे होता. "मग हा टाकायचा का?" असं मी विचारलं. यांनी उत्तर दिलं नाही, ट्रंकेला कुलूप घातलं. ट्रंक फ्लॅटमध्ये पलंगाखाली आहे.

खरा घोळ झाला भांड्यांचा. पितळेची, तांब्याची भांडी माळ्यावरून एकेक करून खाली आली, काळी-हिरवी पडलेली. चिंचेच्या कोळानं घासली तशी अक्षरं वर यायला लागली. आमच्या सासूबाईंच्या काळात भांडं दिलं की त्यावर नाव घालून द्यायची पद्धत होती. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाबद्दल दिलं आणि वर तारीख. जुनी नावं खिळा-हातोडीनं ठोकलेली, ठिपक्या-ठिपक्यांची. नंतरची मशीनवर घातलेली, सरळ रेघेत. ठिपक्यांच्या अक्षरांत मात्रा हमखास चुकलेली असते. आमच्या आजेसासऱ्यांचं आडनाव तीन भांड्यांवर तीन तऱ्हांनी आहे.

एका तांब्यावर कानडी अक्षरं निघाली. माझं कानडी बसच्या पाट्या वाचून आलेलं, त्यामुळे अडखळत अडखळत वाचलं, तर यांच्या मुंजीचा आहेर! समोरच्या घरातल्या विणकरांनी दिलेला. त्यांचे माग बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली, मुलं बेंगळूरला असतात. देणाऱ्याचं नाव कानडीत आणि सासऱ्यांचं नावही कानडीतच, बिनचूक, एकही मात्रा इकडची तिकडे नाही. हा तांब्या मी ठेवला. यांना वाटलं मुंजीची आठवण म्हणून. मी ठेवला तो पाणी भरून ठेवायला म्हणून, आणि थोडा शुद्धलेखनासाठी.

एका डब्यावर मात्र कुणा बाईचं नाव होतं, ते घरात कुणालाच ओळखू येईना. फोटो काढून घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. कोणी म्हणालं पणजीची बहीण, कोणी म्हणालं माहेरकडच्या कुणी. चर्चा बरेच दिवस चालली, जुने हेवेदावेही थोडे वर आले. शेवटी वन्संनीच निकाल दिला, की ही बाई आपल्यातली नव्हेच. कधीतरी कुणाकडून फराळाचा डबा आला असणार आणि परत द्यायचा राहिला. म्हणजे आमच्या नावाचा एखादा डबा गल्लीत कुणाच्या तरी माळ्यावर असणार, आणि कधीतरी त्यांच्या ग्रुपवर आमच्या आजेसासूबाईंच्या माहेरची चौकशी होणार.

मोडीचा भाव काढायला एका दुकानात गेले. त्यानं आधी लोखंडी कड्या काढायला लावल्या, मग वजन. काट्यावरचा आकडा तेवढा बघितला. मी उगीचच म्हटलं, "नावं आहेत हो त्यावर." तो म्हणाला, "असू देत की, भाव तोच." माणूस रास्त बोलला. कल्हईवाला दारावर येईनासा झाला तेव्हाच या भांड्यांचं आयुष्य संपलं होतं. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी केली तर ती कळकते, मग ते भांडं शोभेचं आणि शोभेची जागा फ्लॅटमध्ये टीव्हीनं घेतलेली.

उरलं पंगतीचं मोठं पातेलं. त्यात बसून आमची दोन्ही मुलं लहानपणी लपाछपी खेळली आहेत. एके काळी गल्लीतल्या निम्म्या लग्नांचा भात त्यात शिजला. सासूबाईंची एक वही होती, त्यात लिहिलेलं असायचं: मोठे पातेले १, परात २, झारे ३, आणि पुढे नेणाऱ्याचं नाव. परत आलं की काट मारायची. एका ओळीला काट नाही, झारा अजून यायचा आहे. पुढं केटरर आले, त्यांची भांडी त्यांच्याबरोबरच यायला लागली, आणि वही बंद झाली.

पातेलं मंडळाच्या पोरांनी नेलं, गणपतीच्या महाप्रसादाला. चौघांनी धरून दारातून आडवं-उभं करत काढलं. आत कसं आणलं होतं देव जाणे. एकानं विचारलं, "काकू, देणगीदार म्हणून तुमचं नाव घालू काय यावर?"

म्हटलं, "आधीच आहे रे. काठाखाली बघ."

त्यानं मोबाइलची बॅटरी मारून वाचलं. "हे कोण ओ?"

सांगायला लागले तर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

फ्लॅट मला आवडला. हे मी वन्संना अजून सांगितलेलं नाही, कारण त्यांना मी हळहळायला हवी आहे. केर दहा मिनिटांत होतो. लिफ्ट आहे. जूनमध्ये रात्रभर पाऊस कोसळला आणि मी कूस न बदलता झोपले. हे मात्र दोनदा उठून छताकडे बघून आले, सवयीनं. शहापूर काही लांब नाही, गोवावेस ओलांडलं की आलंच, पण भाजीलासुद्धा मी अजून तिकडं फिरकलेले नाही.

स्वयंपाकघराच्या वर एक लॉफ्ट आहे. तो मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. ते घर बदलतायत, नव्या जागेत सामान मावत नाहीये. "आई, चारच खोकी आहेत. सूनबाईंचे अभ्यासाचे कागद आणि पिंट्याचा पाळणा. तुमच्याकडे लॉफ्ट रिकामाच आहे ना?"

मी "बघू" म्हणेपर्यंत यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "पाठव की. पण खोक्यांवर नावं घालून पाठव."